पावसाळ्यात अरबी समुद्र थंड का होतो?

प्रश्न (तासगाव)
द्राक्षबागेची खरड छाटणी उरकली की मी रोज समुद्राच्या तापमानाचे नकाशे पाहतो. मे महिन्यात अरबी समुद्राचा पृष्ठभाग ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, ऑगस्टमध्ये मात्र तो दोन-तीन अंशांनी उतरलेला दिसतो. केवळ ढगांनी ऊन अडवल्यामुळे हे घडते का?

उत्तर (सातारा)
ढगांचा वाटा आहेच, परंतु वाऱ्याचा वाटा मला त्याहून मोठा वाटतो. माठाला वारा लागला की आतले पाणी गार होते, कारण पाझरलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते. समुद्रावरही तेच घडते. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. सोमालियाच्या किनाऱ्याकडून, सुमारे दीड किलोमीटर उंचीवर वेगाने वाहणारा मोसमी झोत ही वाफ आपल्याकडे आणतो आणि महाबळेश्वर-कोयनेच्या ढगांत तिचे पाणी होताना तीच उष्णता मोकळी होते. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पाण्यावरचा त्याचा जोर सुमारे चौपट होतो, वरचा थर घुसळला जातो आणि खालचे थंड पाणी त्यात मिसळते.

उत्तर (सांगली)
हे खुल्या समुद्राचे झाले. किनाऱ्याचा हिशोब वेगळा आहे. माझ्या आजोळी, वेंगुर्ल्याला, एप्रिलच्या दुपारी खारे वारे सुटले की दोरीवरची लुगडी घराकडे फडफडत आणि पहाटे मतलई वाऱ्याने समुद्राकडे. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर निवते, म्हणून हा फरक पडतो. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडे वाहणारा वारा, पृथ्वीच्या परिवलनामुळे, वरचे पाणी खुल्या समुद्राकडे लोटतो. त्याच्या जागी खालून थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते आणि त्यावर तारली माशांचे थवे पोसले जातात.

प्रश्न (तासगाव)
मनापासून आभार. मग समुद्र थंडावल्यावर पाऊसही घटायला नको का?

उत्तर (कराड)
बाष्पीभवन केवळ तापमानावर नव्हे, तर वाऱ्याच्या वेगावर आणि हवेच्या कोरडेपणावरही ठरते. शिवाय बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचे हलके गोडे पाणी वर तरंगत राहते, त्यामुळे तिथले पाणी वारा सहजासहजी घुसळू शकत नाही आणि पृष्ठभाग बहुधा २८ अंशांच्या वरच राहतो. तिथे तयार होणारी कमी दाबाची क्षेत्रे पश्चिमेकडे सरकू लागली की अरबी समुद्रावरचा वारा जोर धरतो आणि घाटमाथ्यावर पाऊस वाढतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णा चढत होती, तेव्हाही उपसागरात असेच एक क्षेत्र होते.