मदत हवी आहे : फाटक पडल्यापासून गाडी येईपर्यंतचा वेळ इतका कमी-जास्त का?

नमस्कार. निवृत्त झाल्यापासून मला रेल्वे फाटकाशी उभे राहून सिग्नल आणि गाड्या पाहण्याचा नाद लागला आहे. सांगली जिल्ह्यात पुणे-मिरज मार्गावरचे एक फाटक माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांवर आहे. रुळांच्या हद्दीत शिरणे हा रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार गुन्हा असल्यामुळे मी रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली उभा राहतो आणि फाटक केव्हा पडले, सिग्नल केव्हा बदलला, इंजिन केव्हा आले आणि फाटक केव्हा उघडले, या चार वेळा वहीत टिपतो. (इंजिनाचा क्रमांक वाचण्याच्या गडबडीत डबे मोजायचे बहुधा राहूनच जातात.)

माझ्या वहीनुसार सकाळच्या कोयना एक्सप्रेससाठी फाटक साधारण चार मिनिटे आधी पडते. मालगाडीच्या वेळी मात्र नऊ ते अकरा मिनिटे वाट पाहावी लागते आणि दुचाकीवाले गेटमनवर ओरडू लागतात. गेटमन कामावर असताना त्यांना प्रश्न विचारणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून येथे विचारतो. हा फरक गेटमनच्या अंदाजामुळे पडतो की यंत्रणेमुळे?

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. गेल्या आठवड्यात दांडा खाली आलेला असूनही अलीकडचा सिग्नल लाल होता. त्या खांबावर पिवळी गोल पाटी असून तीवर काळ्या रंगात इंग्रजी ‘जी’ हे अक्षर आहे. मालगाडी तेथे थांबली, शिट्टी दिली आणि थोड्या वेळाने लाल सिग्नल ओलांडून अगदी सावकाश फाटकापर्यंत आली. हे नियमाला धरून होते का?

प्रतिसाद :

नमस्कार. आपण वर्णन केलेले फाटक सिग्नलशी इंटरलॉक केलेले दिसते. अशा फाटकाचे दांडे पडून कुलूपबंद झाल्याशिवाय फाटकाचा सिग्नल देताच येत नाही, आणि एकदा सिग्नल दिला की तो परत लाल करून घेतल्याशिवाय फाटक उघडत नाही. लोको पायलटला (इंजिनचालकाला) वेग कमी करावा लागू नये, म्हणून गाडी दूरच्या सिग्नलच्या, म्हणजे फाटकाच्या सिग्नलची आगाऊ सूचना देणाऱ्या सिग्नलच्या, टप्प्यात येण्यापूर्वीच हे सारे उरकावे लागते. त्यामुळे वेळ गेटमनच्या लहरीपेक्षा गाडीच्या वेगावर अधिक अवलंबून असतो. उदाहरणार्थ, तीन किलोमीटरचे अंतर ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी दोन मिनिटांच्या आत कापते, तर ताशी ३० ने येणाऱ्या मालगाडीला त्यासाठी सहा मिनिटे लागतात. ती नुकतीच शेजारच्या स्थानकातून सुटली असेल, तर आणखी जास्त.

‘जी’ पाटीविषयी : ती गाडी नियमानेच चालली होती. अशा सिग्नलवर लाल दिसल्यास लोको पायलटने शिट्टी देऊन गाडी थांबवायची असते. दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे थांबूनही सिग्नल मिळाला नाही, तर तो सावधपणे फाटकापर्यंत गाडी आणू शकतो आणि तेथे गेटमनने हातसिग्नल दाखवल्यावर पुढे जातो. ‘जी’ पाटी नसलेल्या, स्थानकाच्या लाल थांबा-सिग्नलला ही मुभा नाही. दांडा खाली असूनही सिग्नल न मिळण्याचे एक साधे कारण म्हणजे दांडा पडलेला दिसला तरी त्याचे कुलूप पूर्ण बसलेले नसते. कोणी दुचाकी त्याखालून रेटली की हे सहज घडते.

आपल्या वहीत ‘जी’ पाटीच्या सिग्नलवर गाडी किती सेकंद थांबली, याचा एक रकाना वाढवावा आणि शक्य झाल्यास रात्रीचीही एखादी नोंद येथे लिहावी.