गवताळ डोंगरांवरची भटकंती : धुकं, पाणी आणि वीज

गवताळ डोंगरांवर 'झाडी नाही, म्हणजे चालणं सोपं' असं कुणालाही वाटेल. आमचा चार दिवसांचा अनुभव वेगळा होता.

झाडी नाही म्हणजे खुणाही नाहीत. आम्ही पाच जण होतो. दुसऱ्या दिवशी धुकं उतरलं आणि वीस पावलांवरची मैत्रीण दिसेना. सगळीकडे सारखंच गवत, त्यात गुरांच्या वाटा दहा दिशांना फुटलेल्या! तेव्हापासून सर्वांत हळू चालणारा पुढे, हा आमचा नियम झाला. पाणीही धारेवर, म्हणजे डोंगराच्या माथ्यावरच्या लांब कण्यावर, टिकत नाही, झरे खाली घळीत असतात. मुक्काम त्यावरूनच ठरवा.

विजेबद्दल मात्र कळकळीने सांगते. उघड्या धारेवर सर्वांत उंच आपणच असतो. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांहून कमी वेळ गेला, तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. लगेच धार सोडा, एकमेकांपासून अंतर ठेवा आणि शेवटच्या गडगडाटानंतर निदान ३० मिनिटं पुन्हा वर चढू नका. घाईने सरळ खाली धावू नका, ओलं गवत फार निसरडं असतं. नागमोडी उतरा.