जॉर्जिया: जुनी शहरे आणि कॉकेशसचे पर्वत, एका सहलीत किती बसवावे?

प्रश्नकर्ती: निळीशाई

सप्टेंबरच्या उत्तरार्धात आम्ही तिघे, म्हणजे मी, यजमान आणि माझ्या सासूबाई, जॉर्जियाला जाण्याचे ठरवत आहोत. हाताशी दहा रात्री आहेत. यजमानांना डोंगर हवे आहेत, मला जुनी शहरे आणि मठ पाहायचे आहेत, आणि सासूबाईंची एकच अट आहे की रोज सामान बांधायला लागू नये. त्यांचे वय अडुसष्ट आहे. त्या सपाट रस्त्यावर भरपूर चालतात, मात्र उतारावर गुडघा दुखतो. आम्ही तिघेही शाकाहारी आहोत.

आतापर्यंत कागदावर उतरलेली यादी अशी: तिबिलिसी, म्त्सखेता, कझबेगी, काखेतीतील द्राक्षमळे, वार्दझियाची गुहानगरी, कुताईसी, स्वानेतीतील मेस्तिया आणि उश्गुली, आणि शेवटी काळ्या समुद्रावरचे बातुमी. नकाशावर देश लहान दिसतो, म्हणून हे सगळे जमेल असे वाटले होते. पण एका प्रवासी कंपनीने पाठवलेला कार्यक्रम पाहिल्यावर निम्मा वेळ गाडीतच जाणार हे लक्षात आले. यातले काय ठेवावे, काय गाळावे आणि कोणत्या क्रमाने जावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: पाऊलवाट

देश लहान आहे हे खरेच, परंतु कॉकेशसच्या मुख्य रांगेतील खोरी एकमेकांना समांतर नसून एकेक वेगळी आहेत, आणि एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायचे तर बहुतेक वेळा पुन्हा सपाटीवर उतरून वळसा घालावा लागतो. त्यामुळे कझबेगी आणि स्वानेती ही दोन्ही नावे दहा रात्रींच्या यादीत एकत्र आली की यादी तिथेच फुटते. तिबिलिसीहून मेस्तियाला रस्त्याने जायला अख्खा दिवस लागतो, आणि परतीला तसाच दुसरा दिवस. माझे स्पष्ट मत असे की पर्वतातले एकच खोरे निवडावे आणि तिथे किमान तीन रात्री राहावे.

आपल्या सासूबाईंचा विचार करता मी कझबेगी सुचवीन. तिबिलिसीपासून स्तेपांत्समिंदा हे गाव, ज्याला सगळे अजूनही कझबेगीच म्हणतात, सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. रस्ता म्हणजे जुना जॉर्जियन सैनिकी मार्ग. वाटेत झिनवाली जलाशयाच्या काठावरचा अनानुरीचा किल्ला लागतो, पुढे गुदाउरी, आणि नंतर सुमारे 2,380 मीटर उंचीची ज्वारी खिंड. गावासमोरच्या डोंगरावर 2,170 मीटरवर चौदाव्या शतकातले गेर्गेतीचे त्रिमूर्ती चर्च आहे. पूर्वी तिथे पायी किंवा जीपने धक्के खात जावे लागे. आता वरपर्यंत पक्का रस्ता झाला आहे, त्यामुळे गुडघ्याचा प्रश्न उरत नाही. मागे 5,000 मीटरहून उंच कझबेक शिखर आहे, पण ते बहुधा सकाळीच दिसते आणि दुपारी ढगात जाते. म्हणूनच तिबिलिसीहून एका दिवसात जाऊन येणाऱ्या सहली मला पटत नाहीत. त्या नेमक्या ढगांच्या वेळी वर पोहोचतात.

क्रमाविषयी एक गोष्ट आवर्जून सांगतो. बहुतेक लोक आधी शहरे पाहतात आणि डोंगर शेवटी ठेवतात. त्याच्या उलट करावे. डोंगरातला रस्ता पावसाने, दरडीने किंवा गर्दीने अडतो. शहर अडत नाही. डोंगर सुरुवातीला ठेवले आणि तिथे एक दिवस वाया गेला, तर तो पुढे तिबिलिसीतून वजा करता येतो. शेवटी ठेवले तर तो परतीच्या विमानातून वजा होतो.

बातुमी निःशंकपणे गाळावे. वार्दझिया गाळताना मात्र हळहळ वाटेल. बाराव्या शतकात राजा गिओर्गी तिसरा आणि त्याची कन्या राणी तामार यांच्या काळात कड्यात कोरलेला हा मठ 1283 च्या भूकंपात दर्शनी बाजूने कोसळला आणि आतल्या खोल्या उघड्या पडल्या. आज आपल्याला दिसते ते त्या कड्याचे आतले अंग. पण तिथे जिने, बोगदे आणि उतार फार आहेत, आणि ते एकाच दिवसात तिबिलिसीहून करणे म्हणजे तिघांचाही छळ आहे.

उत्तर: ताम्रपट

पाऊलवाट यांचे ‘एकच खोरे’ हे तत्त्व मान्य आहे, क्रमही मान्य आहे. निवड मान्य नाही. प्रश्नकर्त्या ताईंना इतिहास हवा आहे आणि यजमानांना डोंगर, आणि या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी भेटतात ते ठिकाण स्वानेती आहे. कझबेगीला निसर्ग आणि एक चर्च आहे. शिवाय तो रस्ता रशियाच्या सीमेकडे जाणारा मुख्य रस्ता असल्याने मालवाहू ट्रकांच्या रांगा हा त्या दृश्याचा अविभाज्य भाग झाला आहे.

स्वानेतीचे वैशिष्ट्य असे की खालच्या जॉर्जियावर अरब, मंगोल, इराणी अशा स्वाऱ्या होत राहिल्या तेव्हा मैदानातल्या चर्चमधली मौल्यवान चित्रे आणि हस्तलिखिते या दुर्गम खोऱ्यात आणून ठेवली जात. मेस्तियाच्या संग्रहालयात ती आज पाहता येतात. तिथले आदिशीचे शुभवर्तमान हे हस्तलिखित 897 सालचे आहे. ताईंना मठ पाहायचे आहेत म्हणून सांगतो, हे एक संग्रहालय दोन मठांच्या तोडीचे आहे.

घराला लागून उभे असलेले चौकोनी दगडी बुरूज तर सर्वांनी छायाचित्रांत पाहिलेच असतील. ते बव्हंशी नवव्या ते बाराव्या शतकातले आहेत, आणि त्यांचा उपयोग परकीय शत्रूपेक्षा शेजारच्या घराण्याशी चाललेल्या वैरात अधिक झाला, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. उश्गुली हा सुमारे 2,100 मीटर उंचीवरचा वाड्यांचा समूह आहे; त्यातील चाझाशी या वाडीत दोनशेहून अधिक जुनी बुरूजघरे आणि वास्तू टिकून आहेत, आणि 1996 पासून वरच्या स्वानेतीचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मागे श्खारा आहे, जॉर्जियातले सर्वांत उंच शिखर.

जाण्यासाठी तीन मार्ग आहेत. तिबिलिसीजवळच्या नताख्तारीहून आणि कुताईसीहून मेस्तियाला छोटी विमाने जातात, पण ढग आले की ती रद्द होतात. म्हणून त्यांच्यावर पुढचा कार्यक्रम टांगू नये. दुसरा मार्ग झुग्दीदीपर्यंत रेल्वेने आणि पुढे मारश्रुत्का, म्हणजे तिकडची सामायिक व्हॅन, किंवा खासगी गाडी. तिसरा, आणि आपल्या तिघांसाठी उत्तम, म्हणजे कुताईसीत मुक्काम करून जाणे. कुताईसीत गेलाती मठ आहे. राजा दाविद ‘निर्माता’ याने 1106 मध्ये त्याची स्थापना केली आणि शेजारी विद्यापीठासारखी अकादमी उभी केली. मुख्य चर्चमधले माता मेरीचे बाराव्या शतकातले मोझॅक पाहण्यासाठीच अनेक जण येतात. दुरुस्तीचे काम बराच काळ रेंगाळलेले आहे, तेव्हा परांची दिसल्या तर चकित होऊ नये. झुग्दीदीवरून मेस्तियाकडे चढताना एंगुरीचे कमानी धरण लागते. 271 मीटरहून अधिक उंच असलेली ती भिंत बघायला दहा मिनिटे जरूर थांबावे.

उत्तर: मुद्रांक

स्थळांविषयी वरील दोघांनी पुरेसे सांगितले आहे. मी कागदपत्रांविषयी लिहितो, कारण तिथे घोटाळा झाला तर खोरे कोणते हा वाद निरर्थक ठरतो.

भारतीय पारपत्रावर जॉर्जियाचा ई-व्हिसा काढावा लागतो. अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा वा निवास परवाना असेल तर वेगळ्या व्हिसाविना 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहता येते. तिघांपैकी एकाकडे असा व्हिसा असला तर त्याचा लाभ इतर दोघांना मिळत नाही, हे लक्षात असू द्यावे. 2026 च्या आरंभापासून पर्यटकांना आरोग्य आणि अपघात विमा सक्तीचा झाला आहे. त्यात किमान 30,000 लारीचे (लारी हे तिथले चलन) संरक्षण असावे लागते, आणि तो मुक्कामाचा पूर्ण काळ व्यापणारा हवा. विम्याची प्रत, हॉटेलांची आरक्षणे, परतीचे तिकीट आणि बँकेचा उतारा हे सारे छापून हातातल्या पिशवीत ठेवावे. प्रवेशाच्या वेळी अधिकारी बारकाईने चौकशी करतात आणि तिथे मोबाइलमध्ये कागद शोधत बसणे त्रासाचे होते. सासूबाईंच्या औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठीही असावी, कारण तिकडचे औषधविषयक कायदे कडक आहेत.

आबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया या दोन प्रदेशांकडे फिरकू नये. रशियाच्या बाजूने तिथे प्रवेश करणे हा जॉर्जियाच्या कायद्याने गुन्हा आहे. झुग्दीदी हे आबखाझियाच्या हद्दीजवळ असले तरी मेस्तियाचा रस्ता त्या हद्दीच्या अलीकडूनच जातो, त्यामुळे त्याची चिंता नको.

स्वतः गाडी चालवण्याचा विचार असेल तर परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना न्यावा. वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूने चालते आणि वळणावर ओलांडून जाण्याची चालकांची हौस दांडगी आहे. डोंगरातल्या भागासाठी मी तरी चालकासह गाडीच घेईन. तिबिलिसीत टॅक्सीचे बोल्ट हे अ‍ॅप आणि मेट्रो पुरेशी आहे.

उत्तर: मेथीदाणा

शाकाहारींनी जॉर्जियात उपाशी राहण्याचे कारण नाही. खाचापुरी ही चीज भरलेली पोळी सर्वत्र मिळते, पण तीच रोज खाल्ली तर तिसऱ्या दिवशी पोट तक्रार करते. त्याऐवजी मातीच्या भांड्यात येणारी राजम्याची लोबिओ मागवावी, सोबत म्चादी ही मक्याची भाकरी घ्यावी. अक्रोडाचे वाटण भरलेली वांग्याची गुंडाळी, पालक किंवा बिट अक्रोडासोबत वाटून केलेली फखाली, आणि वांगी-टोमॅटो-ढोबळी मिरची एकत्र शिजवलेले अजाप्सांदाली हे पदार्थ जवळजवळ प्रत्येक ठिकाणी असतात. त्यांच्या मसाल्यात उत्स्खो सुनेली नावाची निळ्या फुलांची मेथी असते, त्यामुळे सासूबाईंना चव अगदीच परकी वाटणार नाही.

सावध राहायचे ते दोन ठिकाणी. राजमा भरलेल्या लोबियानी या पोळीचा राचा प्रांतातला प्रकार डुकराचे मांस घालून करतात, आणि खिंकाली, म्हणजे मोदकासारखा उकडलेला पदार्थ, मुळात मांसाचीच असते; मशरूम, बटाटा किंवा चीज भरलेली वेगळी मागावी लागते. ऑर्थोडॉक्स उपवासाच्या दिवसांत मांस, दूध आणि अंडी नसलेले पदार्थ मिळतात; ‘सामार्ख्वो’ असे विचारले की वाढणाऱ्याला नेमके कळते.

मठांत स्त्रियांनी डोके झाकावे आणि पाय झाकणारा घागरा किंवा ओढणी गुंडाळावी. पुरुषांना अर्ध्या चड्डीत आत सोडत नाहीत. दाराशी कापड ठेवलेले असते, पण आपली ओढणी बरोबर असलेली बरी.

काखेती यादीत आहे म्हणून आणखी थोडे. सप्टेंबरअखेर तिथे द्राक्षांची तोडणी, म्हणजे र्त्वेली, चालू असते. जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणात वाइन मुरवण्याची त्यांची क्वेव्री पद्धत 2013 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आली. पिण्यात रस नसला तरी रांजणघर पाहावे. आणि याच काखेतीची राणी केतेवान, जिला 1624 मध्ये इराणच्या शाह अब्बासाच्या काळात शिराझ येथे हाल करून मारले, तिच्या अस्थींचा काही भाग ऑगस्टिनियन साधूंनी गोव्याला नेला होता. जुन्या गोव्यातल्या उत्खननात त्या सापडल्या आणि 2021 मध्ये भारताने त्यांतला काही भाग जॉर्जियाला भेट दिला. स्थानिक माणसाजवळ हा विषय काढून पाहावा. गप्पा बराच वेळ चालतात.

प्रश्नकर्ती: निळीशाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी बरीच चर्चा होऊन आम्ही स्वानेतीवर आलो आहोत. कझबेगी, वार्दझिया आणि बातुमी वगळले. आता पहिली रात्र तिबिलिसी, मग कुताईसीत दोन, मेस्तियात तीन, परतताना पुन्हा कुताईसीत एक, आणि उरलेल्या तीन रात्री तिबिलिसीत, जिथून म्त्सखेता आणि काखेती प्रत्येकी एका दिवसात करू. दोन शंका राहिल्या आहेत. उश्गुलीला सासूबाईंना न्यावे की मेस्तियातच ठेवावे? आणि तिबिलिसीतल्या तीन रात्री जास्त तर होत नाहीत ना?

उत्तर: ताम्रपट

उश्गुलीला न्यावे. मेस्तियापासून ते पन्नास किलोमीटरच्या आत आहे आणि रस्त्याची स्थिती पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारली आहे. तरीही वेळ भरपूर लागतो, म्हणून सकाळी लवकर निघावे. तिथे गल्ल्या दगडी आणि चिखलाच्या आहेत, त्यामुळे वरच्या चर्चपर्यंत चढण्याचा आग्रह सासूबाईंना करू नये. गाडी थांबते तिथूनही बुरूज आणि श्खारा दोन्ही दिसतात. यजमानांना चालण्याची हौस भागवायची असेल तर ती मेस्तियातल्या उरलेल्या दिवशी भागवावी. त्या दिवशी सासूबाई आणि आपण संग्रहालय पाहून घ्यावे. हवा स्वच्छ असेल तर हात्सवालीच्या बाजूने रोपवेच्या पाळण्यातून वर जाता येते आणि उश्बाची जुळी शिखरे समोर येतात. मात्र तो पाळणा खुर्चीचा आहे आणि चढता-उतरता थोडी चपळाई लागते, हे त्यांना आधी सांगावे. हवा दोन दिवसांपैकी ज्या सकाळी उघडी असेल ती उश्गुलीला द्यावी. क्रम आधी पक्का करू नये.

उत्तर: पाऊलवाट

माझे खोरे हरले, ते ठीक आहे. तिबिलिसीच्या तीन रात्री जास्त नाहीत, उलट दोन दिवस बाहेर जाणार असल्याने शहराला पूर्ण दिवस असा उरतच नाही. 1795 मध्ये इराणच्या आगा मुहम्मद खानाने हे शहर जाळून उद्ध्वस्त केले, त्यामुळे आज दिसणारी कोरीव लाकडी सज्ज्यांची जुनी वस्ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली आहे. खरी प्राचीनता म्त्सखेतात भेटते, जिथे अराग्वी आणि म्त्क्वारी या नद्यांच्या संगमावर अकराव्या शतकातले स्वेतित्सखोवेली आणि वरच्या टेकडीवर सहाव्या शतकाच्या अखेरीचे ज्वारी चर्च आहे. ते तिबिलिसीपासून वीसेक किलोमीटरवर आहे, अर्धा दिवस पुरतो. ज्वारी आधी पाहावे, कारण संगम तिथून कळतो. उरलेल्या अर्ध्या दिवशी जुन्या तिबिलिसीत अबानोतुबानीची गंधकयुक्त पाण्याची स्नानगृहे आहेत. खासगी खोली तासाच्या हिशेबाने मिळते, ती आदल्या दिवशी राखून ठेवावी. मेस्तियाच्या प्रवासानंतर सासूबाईंच्या गुडघ्यालाही त्याचा उपयोग होईल, मात्र पाणी बरेच गरम असते, तेव्हा रक्तदाबाचा त्रास असल्यास डॉक्टरांना आधी विचारावे. रुस्तावेली मार्गावर संसदेसमोर निदर्शने चालू असली तर त्या संध्याकाळी दुसऱ्या वाटेने जावे.