स्लो कुकरमधले खिम्याचे गोळे: आतला तांदूळ कच्चा राहतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे. सासऱ्यांना नुकतीच कवळी बसवली आहे. मटणाचे तुकडे चावत नाहीत, कडक भाकरी रश्श्यात चुरून दिली तरी अर्ध्यावर ताट सरकवतात. जन्मभर आवडीने मटण खाल्लेल्या माणसाचं असं ताट बघवत नाही.

नणंदबाईंनी अमेरिकेहून येताना त्यांचा स्लो कुकर, म्हणजे तासन्तास मंद शिजवणारं विजेचं भांडं, आणला आणि तिकडचा एक प्रकार सांगितला. खिम्यात कच्चाच तांदूळ मिसळून गोळे वळायचे आणि टोमॅटोच्या रसात मंद शिजवायचे. शितं फुलून काट्यांसारखी बाहेर येतात. १९३० च्या दशकातल्या मंदीत थोडं मांस जास्त माणसांना पुरावं म्हणून तिकडे हे घरोघरी करत.

मी अर्धा किलो बकऱ्याचा खिमा, अर्धी वाटी कोलम, बारीक कांदा, आलं-लसूण आणि चमचाभर काळा मसाला घेते. बुडाला टोमॅटो प्युरी आणि वाटीभर पाणी. 'लो'वर ६ तास.

खालच्या थरातले गोळे शिजतात, पण डावाने उचलताना फुटतात. वरचे घट्ट राहतात. त्यातलं शीत बोटांत दाबलं की मध्ये पांढरी कणी लागते, आणि तीच कवळीखाली अडकली की त्यांना फार त्रास होतो. प्रेशर कुकरला लाव, असं घरचे म्हणतात. पण दुपारी मी कामावर असते, आणि चाळिशीपारच्या उन्हाळ्यात संध्याकाळी परत गॅसपाशी उभं राहवत नाही.

तांदूळ आधी शिजवून घालू की भिजवून? गोळे फुटू नयेत म्हणून काय घालू? आणि मध्येच लाईट गेली तर?

प्रतिसाद:
ताई, वरचा थर रसाच्या बाहेर राहतोय. नुसत्या वाफेवर गोळ्यातला तांदूळ फुलत नाही, त्याला पाणी लागतं. एकच थर लावा आणि रस गोळे बुडतील इतका घ्या. कोलम अर्धा तास भिजवून निथळा. शिजवलेला भात घातलात तर गोळा आतून गिच्च होईल. आंबटात तांदूळ मऊ व्हायला वेळ लागतो, म्हणून प्युरी निम्मी करून बाकी मटणाचं अळणी (मटण उकडलेलं बिनमसाल्याचं पाणी) घाला, आणि तेही उकळतं. बकऱ्याच्या खिम्यात चरबी कमी, त्यामुळे तो सुटतो. दुकानातूनच दोनदा बारीक करून आणा, त्यात एक अंडं आणि दोन चमचे फुटाण्याच्या डाळ्याचं पीठ मळा. शिजल्यावर कुकर बंद करून पंधरा मिनिटं गोळ्यांना हात लावू नका.

प्रतिसाद:
कुकर अमेरिकेतला, म्हणजे १२० व्होल्टचा. आपले २३० व्होल्ट उतरवणाऱ्या मधल्या ट्रान्सफॉर्मरवर किती लिहिलंय ते बघा. बरेचसे ११० देतात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने घटते, म्हणजे १०० ऐवजी ८४ टक्केच मिळते. घरातला विजेचा दाब २३० वरून २०० वर आला तर ६४ टक्के. मग ६ तासांत तांदूळ शिजणार कसा?

लाईटचं म्हणाल, तर घरी असाल तेव्हा लगेच सगळं पातेल्यात काढून गॅसवर शिजवा. घरी नसताना गेली आणि किती वेळ गेली ते कळलं नाही, तर सरळ टाकून द्या. अर्धवट शिजलेला खिमा कोमट राहिला की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. वयस्कर माणसाच्या पोटाशी ती जोखीम घेऊ नका.

मूळ धागाकर्ती:
मनापासून आभार. ट्रान्सफॉर्मरवर ११० च लिहिलंय! मग 'हाय'वर ठेवू का?

प्रतिसाद:
हो, रविवारी घरी असताना 'हाय'वर ४ तास लावून बघा. मध्ये झाकण उघडू नका, उघडलंत की २०-३० मिनिटं वाढलीच. वेळ झाल्यावर मधला एक गोळा फोडून शीत दाबा. कणी लागली तर आणखी अर्धा तास ठेवा. आतल्या खिम्यासाठी थर्मामीटर असेल तर ७१ अंश सेल्सिअस यायला हवं. कामाच्या दिवशी किती तास लावायचे ते त्यावरून ठरवा.