'सार्वत्रिक लसीकरण' म्हणजे सक्तीचं लसीकरण का?

'सार्वत्रिक लसीकरण' असं वाचलं की आमच्या सोसायटीत लोक सरळ 'सगळ्यांना टोचणारच' असा अर्थ घेतात आणि त्यावरून वाद होतात. सार्वत्रिक, अनिवार्य, सक्तीचं हे सगळं एकच का? जाणकारांनी सांगा प्लीज.

>> एकच नाही हो. सार्वत्रिक मताधिकार म्हणतो ना आपण, मत द्यायचा हक्क सगळ्यांना, पण नाही दिलं म्हणून कोणी धरून नेत नाही. 1985 ला सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमाच्या नावातला 'सार्वत्रिक' पण तोच, म्हणजे लस प्रत्येक बाळापर्यंत फुकट पोचवायची जबाबदारी सरकारची. आशाताई यादी घेऊन दारात येते, बाळ दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचं झालं की पेंटाचा (पाच रोगांवरच्या एकत्र लशीचा) डोस, कार्डावर पुढची तारीख. घरचे नाही म्हणाले तर ती परत येते, समजावते, जबरदस्तीने उचलून नेत नाही.

>> सक्ती आधी होती पण. 1880 चा लसीकरण कायदा ज्या नगरपालिकांना लागू केला तिथे मुलांना देवी काढून घेणं बंधनकारक होतं. आमची आजी शेवटपर्यंत 'देवी काढल्या' असंच म्हणायची, लस शब्द तिच्या तोंडी नव्हताच, आणि देवी काढणारा आला की बायका पोरांना कणगीमागे लपवायच्या हेही सांगायची. ती भीती अजून गेलेली नाही.

>> शब्द वेगळे असतील, पण 2021 मध्ये मुंबईत कोविड लशीचे दोन डोस झाल्याशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता, ती सक्ती नाही तर काय?

>> त्याला 'अट' म्हणा. फरक आहे आणि तो सुप्रीम कोर्टानेही केलाय, मे 2022 च्या निकालात. कोणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही, पण साथीत लोकांच्या आरोग्यासाठी सरकार प्रमाणात निर्बंध घालू शकतं. लोकलची अट प्रमाणात होती का यावर खुशाल भांडा, तो भांडायचाच मुद्दा आहे. पण त्या रागात बाळाच्या लशी चुकवू नका, कळकळीने सांगते. गोवरची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, तोवर त्या बाळाला आधार आजूबाजूच्या मुलांनी घेतलेल्या लशीचा, आणि गोवर थोपवायला साधारण 95 टक्के मुलांना लस मिळालेली लागते. 2022 च्या शेवटी मुंबईच्या गोवंडीत गोवर पसरला, मुलं दगावली. त्यामुळे माझ्या मते 'सार्वत्रिक' ला मराठीत 'प्रत्येक बाळाला लस' इतकं सरळ लिहावं, पोस्टरवर सुद्धा.