राउटर पळतो, खाच खोल होत जाते, कड जळते: सेटिंग कुठे चुकतंय?

प्रश्न
1600 वॅटचा प्लंज राउटर (लाकूड कोरायचं मशीन, फिरतं पातं वरून खाली दाबता येतं), कोलेट (पात्याची दांडी पकडणारी पकड) 12 मिमीचं. 8 आणि 6 मिमी दांडीच्या बिटांसाठी (बिट म्हणजे कापणारं पातं) स्लीव्ह, म्हणजे कोलेटमध्ये घालायच्या बारीक नळ्या, सोबत आहेत. फळीची कड गोल करताना मशीन एकदम पुढे पळतं. 12 मिमीवर लावलेली खाच शेवटाकडे 14 मिमी भरते. खोली पक्की करणारा प्लंजचा लॉक मात्र घट्ट आहे. 12 मिमी त्रिज्येच्या राउंड-ओव्हर (कड गोल करणाऱ्या) बिटने कोपरे काळे पडतात. वेग कायम मिनिटाला 24,000 फेऱ्यांवर ठेवलेला आहे.

प्रतिसाद 1
आधी खाचेचं बघा, सगळ्यात धोक्याचं तेच आहे. लॉक सरकत नाही, म्हणजे बिटच कोलेटमधून खाली उतरतंय. भुसा वर फेकणारं पीळदार बिट कापताना स्वतःला खाली ओढतं, त्यामुळे पकड थोडी जरी ढिली असली तरी सरकतं. 24,000 म्हणजे सेकंदाला 400 फेरे. त्या वेगात बिट सुटून बाहेर आलं तर काय होईल, वेगळं सांगायला नको. हा प्रश्न मिटेपर्यंत मशीन चालवू नका.

प्लग काढा आणि बिटची दांडी कॅलिपरने मोजा. पाव इंची दांडी 6.35 मिमी असते, अर्धा इंची 12.7. पाव इंची स्लीव्हमध्ये 6 मिमीचं बिट घातलं तर कोलेटचा नट कितीही आवळा, ते नीट धरत नाही. माप जुळत असेल तर कोलेट बाहेर काढून आतली राळ आणि भुसा पितळी ब्रशने साफ करा. नट सोडवताना एकदा ढिला होतो, मग पुन्हा घट्ट लागतो. तिथे थांबू नका, पाना परत फिरवा. त्या दुसऱ्या वळणाला कोलेट मोकळं होतं. आत काळे पट्टे किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या तर नवीन कोलेट घ्या.

बसवताना दांडी तळाला टेकवा आणि 2-3 मिमी वर ओढून मग आवळा. तळाला टेकलेलं बिट आवळताना कोलेटबरोबर खाली सरकू शकत नाही आणि पकड अर्धवट राहते. दांडी जिथे पात्याकडे रुंदावते तो गोलवा कोलेटच्या आत जाता कामा नये. शेवटी नटाच्या कडेला दांडीवर मार्करने रेघ मारा. एक पास (कापण्याची एक फेरी) झाला की प्लग काढून बघा: रेघ नटापासून सुटली असेल तर बिट अजून सरकतंय.

आणखी एक. बिट आत नसताना नट कधीच आवळू नका, कोलेट दबून कायमचं बिघडतं.

प्रतिसाद 2
मशीन पळतं ते दिशेमुळे. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं. म्हणून फळीची बाहेरची कड काट्यांच्या उलट दिशेने फिरून कापायची आणि चौकटीची आतली कड काट्यांप्रमाणे. असं केलं की बिट तुमच्या ढकलण्याला विरोध करतं आणि मशीन ताब्यात राहतं. उलट गेलात की पात्याला लाकडावर चाकासारखी पकड मिळते आणि ते राउटर ओढून नेतं.

सुरुवात धाग्यांना आडव्या बाजूंपासून करा. तिथे शेवटच्या कोपऱ्यावर ढलपी उडते; नंतर लांब बाजू कापल्या की ती निघून जाते. फळी दोन क्लॅम्पनी बांधा, दोन्ही हात मुठींवर ठेवा. बिट लाकडापासून मोकळं असतानाच मशीन चालू करा आणि काम संपलं की बिट थांबेपर्यंत मशीन खाली ठेवू नका. चष्मा, कानांचं संरक्षण आणि धुळीचा मास्क हवाच. हातमोजे आणि सैल बाह्या नकोत.

प्रतिसाद 3
जळण्याचं कारण वेग. त्या राउंड-ओव्हर बिटचा व्यास बेअरिंग (कडेला टेकून फिरणारं चाक) धरून 37 मिमीच्या आसपास आहे. 25 मिमीच्या वर 18,000 आणि 50 च्या वर 16,000 पेक्षा जास्त नको. बिटवर याहून कमी आकडा छापलेला असेल तर तोच पाळा. दोन पात्यांचं बिट 24,000 वर सेकंदाला 800 वेळा कापतं. मशीन सेकंदाला 50 मिमी सरकलं तर प्रत्येक कापाला जेमतेम 0.06 मिमी लाकूड येतं. कोपऱ्यावर हात रेंगाळला की तेही येत नाही. पातं नुसतं घासत राहतं आणि लाकूड करपतं. हाताशी भुश्याऐवजी पिठासारखी धूळ येत असेल तर तुम्ही फार हळू जाताय, नाहीतर धार गेली आहे.

पूर्ण गोलाई एका दमात काढू नका. तीन पास करा आणि शेवटचा 1 मिमीचाच ठेवा. खाचेसाठी 12 मिमी बिटने एका पासला 5-6 मिमी पुरे, 6 मिमी बिटने 3.

प्रश्नकर्ता
मोजलं: बिट 6 मिमीचं, स्लीव्ह पाव इंची. राउटर पुढे टेबलाखाली उलटा लावायचा आहे, तेव्हा दिशा कोणती?

प्रतिसाद 2
6 मिमीचं कोलेट घ्या, त्या स्लीव्हमध्ये ते बिट पुन्हा घालू नका. टेबलावर फेन्स (लाकूड टेकवायची सरळ पट्टी) बिटच्या मागे असेल तर लाकूड उजवीकडून डावीकडे सरकवा. फेन्स आणि बिट यांच्या मधून तुकडा घालू नका, तो हातातून सुटून फेकला जातो.