उ. : रिॲक्शन इंजिनिअरिंग, सूत्रं पाठ करून सुटतं का?

वर एकाने लिहिलंय, 'सूत्रं पाठ केली की सीआरई (केमिकल रिॲक्शन इंजिनिअरिंग) सुटतो.' इनसेमच्या (सत्रामधल्या परीक्षेच्या) ३० मार्कांना कदाचित निभावेल, एंडसेमच्या (सत्रअखेरच्या) ७० ला नाही.

एक गणित हाताने करून बघा. पहिल्या ऑर्डरची रिॲक्शन (वेग उरलेल्या मालाच्या प्रमाणात), ९० टक्के कन्व्हर्जन (म्हणजे एवढा माल बदलला). के (रिॲक्शनच्या वेगाचा स्थिरांक) गुणिले टाऊ (माल रिॲक्टरमध्ये राहतो तो वेळ) प्लग फ्लोला (नळीसारखा रिॲक्टर, माल न मिसळता पुढे सरकतो) २.३ येतं, सीएसटीआरला (सतत ढवळली जाणारी टाकी) ९. म्हणजे तेवढ्याच फ्लोला टाकी नळीच्या जवळपास चौपट मोठी! ९९ टक्के मागितलं तर तोच फरक एकवीसपटीच्या वर जातो. कन्व्हर्जनबरोबर हा फरक कसा वाढतो याचा आलेख एकदा स्वतः काढला की सूत्र विसरलं तरी फारसं अडत नाही.

आणि प्रॅक्टिकलला कुणी हलक्यात घेऊ नका. आमचं इथाइल ॲसिटेट आणि कॉस्टिकच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) रिॲक्शनचं होतं. दर पाच मिनिटांनी सॅम्पल काढून लगेच जादा ॲसिडमध्ये ओतायचं, म्हणजे रिॲक्शन तिथेच थांबते. मग उरलेलं ॲसिड टायट्रेट करायचं, फिकट गुलाबी रंग येईपर्यंत. आम्ही पठ्ठ्यांनी सगळी सॅम्पलं नुसती रांगेत मांडून ठेवली आणि ॲसिड शेवटी घातलं (कँटीनची घाई, दुसरं काय). तोवर सगळ्यांत रिॲक्शन चालूच राहिली, म्हणून रीडिंगं सगळी जवळपास सारखी. ओरलला (तोंडी परीक्षेला) एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) जर्नल बघून म्हणाले, "रिॲक्शन झोपली होती का रे?"

जर्नलमध्ये त्या दिवशीचं तापमानही लिहा. पुण्यात जानेवारीच्या सकाळी मिळालेला के आणि मे महिन्यातला के एक येणार नाही, आणि ओरलला हमखास तेच विचारतात.